काथ्याची दोरी

तीन वर्षांपूर्वी लिसिआतेनं अठरा किलो उतरवले होते.
बंदरातल्या ऑफिसनं स्पर्धा ठेवली होती, बक्षीस फ्रीज.
सात आठवडे तो पपई आणि उकडलेल्या अंड्यांवर काढले,
घरात कुणाशी धड बोलला नाही,
रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला.
फ्रीज आला.
आम्ही तो भरला.
नाताळपर्यंत अठराचे बावीस झाले, व्याजासकट.

या वेळी त्यानं काही जाहीर केलं नाही.
एका पहाटे अंधारात चपला चाचपताना दिसला, एवढंच.
कुठे? म्हटलं.
धक्क्यापर्यंत, म्हणाला.
धक्का दोन हजार पावलांवर,
आणि वाटेत नऊ कुत्री.
अर्ध्यातून परतला, पोटरीवर दातांची खूण घेऊन.
दुसऱ्या दिवशी खिशात खडे भरून गेला.

मागाहून कळलं :
दवाखान्यात कालेसिता नर्सनं
त्याच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला होता
आणि म्हणाली होती, हा अजून तुझा आहे.
त्याच्या भावाचा राहिला नव्हता.

मी रागावले होते, हे सांगायला हवं.
चाळीस वर्षं मी माया नारळाच्या दुधातच शिजवली.
अळूच्या पानात डब्यातलं खारं मांस, वर घट्ट दूध,
रविवारी प्रार्थनेला जाताना तापल्या दगडांवर मातीखाली पुरायचं,
येईपर्यंत सगळं नुकुआलोफा त्या वासानं भुकेलं.
आता हा म्हणतो, दूध अर्धं घाल.
अर्धं?
म्हणजे माणसानं अर्धंच बोलावं का?
घातलं अर्धं. तोंड फुगवून घातलं.
चव पानाची आली.
मला तोवर ठाऊकच नव्हतं
की त्या पानालाही स्वतःचं काही म्हणायचं असतं.

नणंदेचा मान आमच्याकडे सगळ्यांहून मोठा.
अकानेसीनं स्वतःच्या हातानं ताट वाढलं,
मेंढीच्या चरबीची पट्टी काठावरून लोंबत होती.
यानं निम्मं खाल्लं, हात पुसले.
आजारी आहेस की गर्विष्ठ? तिनं विचारलं.
ताई, पोट भरलं.
अख्खी पंगत गप्प.
आमच्यात हे वाक्य
पूर्वी कुणी ऐकलंच नव्हतं.

मग चुलते वारले. चार दिवस डुकरं भाजली गेली,
रताळी, केक, पुन्हा डुकरं.
लिसिआतेनं सगळं खाल्लं, दोनदा खाल्लं,
रडला आणि खाल्लं.
मी मनात म्हटलं, झालं. आला फ्रीज परत.
पाचव्या पहाटे
चपला चाचपल्याचा आवाज.
ना शपथ, ना पश्चात्ताप,
कुत्र्यांना सुट्टी संपल्यासारखं वाटलं असेल.

कमरेची चटई बांधायला वडलांनी वळलेली काथ्याची दोरी आहे त्याच्याकडे.
ती पुरेना, म्हणून त्यानं कधीतरी
गळाच्या नायलॉनचा हातभर तुकडा जोडला होता
आणि गाठ पाठीमागे लपवली होती.
चर्चमध्ये मागच्या बाकावरून मला ती दिसायची.
अकरा महिन्यांत नऊ किलो, कालेसिताचा काटा सांगतो.
स्पर्धेच्या हिशेबात निम्मं.
त्या रविवारी त्यानं नायलॉन सोडला,
काही न बोलता फाटकाला बांधला.
फाटक तेव्हापासून नीट लागतं.

आता आठ कुत्री त्याला ओळखतात,
मान वर न करता शेपटी हलवतात.
नववं, पिवळं, लंगडं, बरोबर चालतं धक्क्यापर्यंत.

मी काही धक्क्यापर्यंत जात नाही.
माझे गुडघे, माझी चूल, माझं वय.
पांढऱ्या कुंपणापर्यंत जाते,
परवापासून पलीकडच्या आंब्यापर्यंत.
माझ्यावर अजून नऊच्या नऊ भुंकतात.
अंधारात कोण बघतंय, म्हणून
लिसिआतेची जुनी पँट घालते.
त्याला ढगळ झालीये, मला बरोबर बसते,
आणि खिशात
खडे आहेतच.